पहिली ओंजळ पाहुण्याला

मी एक जुनी होडी आहे. दूर उत्तरेच्या थंड मुलखातल्या अथाबास्का नदीच्या काठी बाप्तीस्त नावाच्या, क्री या तिथल्या मूळ जमातीतल्या माणसाने मला बर्च झाडाच्या सालीपासून बनवले. उन्हाळ्यात तिथल्या कड्यांतून काळे डांबर आपोआप पाझरते. ते झाडाच्या डिंकात कढवून त्याने माझे सांधे लिंपले. मित्रांनो, तेव्हा आम्हाला डांबर लागायचे ते एवढ्यापुरतेच.

मग बाहेरचे लोक आले. ते डांबर बाटल्यांत भरून नेत. बाप्तीस्त हसायचा, "न्या, न्या! तुमच्याही होड्या गळतात वाटतं?" तरी तो त्यांना माझ्यात बसवून फिरवायचा आणि नदीची पहिली ओंजळ त्यांनाच द्यायचा. होडीतला पाहुणा आधी पितो, ही आमची रीत. ते पीत आणि पाण्याची तोंडभरून स्तुती करत.

पण बोट दिले तर त्यांनी मनगटच धरले. डांबर खणून काढताना जंगल गेले, डोंगराएवढे खड्डे पडले, नदीशेजारी डांबर धुतलेल्या काळ्या, विषारी पाण्याची तळी साचली. त्यांवर बदकांनी उतरू नये म्हणून तोफा धडाडू लागल्या. जाळ्यात फोड आलेले मासे सापडू लागले. बाप्तीस्त वारला. त्याची नात फिलोमेन नदीकाठी राहूनही बाटलीतले पाणी पिऊ लागली. मी चर्चमागे पालथी पडून होते. माझ्यात उंदरांनी घर केले, त्याचे मला फार वाईट वाटे.

एके दिवशी डांबर काढणाऱ्या कंपनीचे जाहिरातवाले साहेब आले. त्यांनी मला पुसून नदीत उतरवले. किती वर्षांनी पाणी लागले अंगाला! माझ्यात आता आजी झालेली फिलोमेन, तिची नात डेलिया आणि साहेब बसले. फोटोवाला काठावर उभा होता.

"बाळ, ओंजळभर पाणी पी बघू," साहेब म्हणाले.

आजीने डेलियाचे मनगट धरले. "थांब गं. साहेब, आधी तुम्ही. पाहुणे ना तुम्ही आमचे!"

"मला तहान नाही, आजी."

"मग तिलाही नाही."

साहेब ओशाळून हसले. "बरं, पिऊ नकोस. नुसती ओंजळ तोंडाशी ने."

एवढ्याने काय बिघडते, असे आजीला वाटले. तिने हात सोडला. फोटो निघाला.

आता मी कंपनीच्या दालनात काचेआड आहे. वर भिंतभर तो फोटो आहे. खाली लिहिले आहे, 'आमची नदी, निर्मळ नदी.'

आज डेलियाची शाळा सहलीला आली होती. मुले फोटोकडे बघतच राहिली.

"मी नव्हते प्यायले!" डेलिया म्हणाली. "आजीने पिऊच दिलं नाही."

"चल, खोटारडी! दिसतंय की सगळं."

"हिला कुठं काय झालं? चला रे, आपण पण जाऊ नदीवर!"

मुले पळाली. डेलिया रडत त्यांच्यामागे धावली. काचेआडून मी कोणाला हाक मारणार? मित्रांनो, तुम्हाला पाय आहेत, आवाज आहे. धावा, त्यांना अडवा. नदी इथून फार लांब नाही.