ऐकून झालेली वाक्यं

घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या माणसाचा घसा बसला, यात कुणाला काय नवल वाटणार? दादाचा घसा दर हंगामात बसायचा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, एक-दोन दिवस खुणांवर कारभार, की स्वारी पुन्हा ओट्यावर हजर. त्यामुळे या खेपेला महिना उलटला तरी आवाज खुलेना, तेव्हा वहिनीने डॉक्टरकडे जायचा लकडा लावला आणि दादाने तो या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं तोवर स्वरयंत्रावरच्या गाठीने चांगलंच बस्तान बसवलं होतं. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाले. जीव वाचेल. आवाज नाही वाचणार.

त्या दिवशी घरी येऊन दादा पहिलं वाक्य बोलला ते त्याच्या बहिणीशी. "धाकटे, तुझ्या त्या डब्यात माझा आवाज मावेल का गं?"

धाकटी हे तिचं घरातलं नाव. चाळिशीला टेकली तरी ते सुटलं नव्हतं. ती इस्पितळांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या एका लहानशा कंपनीत होती, आणि ज्याला दादा डबा म्हणत होता तो तिचाच उद्योग होता. ज्यांचा आवाज जाणार आहे, त्यांची रोजच्या वापरातली वाक्यं आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवायची. मग शस्त्रक्रियेनंतर पाटीएवढ्या एका यंत्रावर बोट ठेवलं, की ते वाक्य त्या माणसाच्याच आवाजात ऐकू यायचं. दादाची शस्त्रक्रिया होणार त्या इस्पितळात प्रोग्राम हिचाच होता. वहिनीने हात जोडले. "निदान एवढं तरी देवाने बघितलं," ती म्हणाली.

त्याच्या थोडंच आधी धाकटीने त्या प्रोग्राममध्ये एक बदल केला होता. पूर्वी प्रत्येक वाक्याची एक तात्पुरती फाइल इस्पितळातल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बनायची आणि मग ती मुख्य साठ्याकडे जायची. इस्पितळाने हरकत घेतली. त्या खोलीत दहा लोक येतात-जातात, पेशंटचा आवाज असा उघड्यावर पडून राहता कामा नये. रास्तच होतं. तेव्हा तिने फाइल बनवणंच बंद केलं. आवाज थेट मेमरीत ठेवायचा आणि त्याला फाइलसारखं वागवायचं. त्यात लिहिता येतं, त्यातून वाचता येतं, मागे-पुढे सरकता येतं. बाकीच्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही, की समोर खरी फाइल नाही. काम संपलं की सगळं विरून जातं, मागे कण उरत नाही. यंत्रही झपाझप चालायला लागलं. कंपनीचे साहेब एरवी कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणारे, पण ते चार लोकांसमोर म्हणाले, "याला म्हणतात सफाईचं काम."

ध्वनिमुद्रणाची खोली लहान होती. भिंतींना जाड फोम, एक टेबल, एक माइक. वाक्यं म्हणवून घ्यायला वाचा-उपचार करणाऱ्या बाई होत्या. औषधांनी दादाचा घसा थोडा मोकळा झाला होता. आवाज खरखरीत, फाटका, पण होता दादाचाच. धाकटी दाराशी उभी राहून बघत होती.

"चहा झाला का," दादा माइकमध्ये म्हणाला. मग बाईंना, "ऐकवा बघू."

बाईंनी बटण दाबलं. कानावरच्या हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज ऐकून दादाचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. "अरे, हा तर माझा बाप बोलतोय." बाई हसल्या. ऐकून झालं, की त्या 'जतन करा'वर बोट ठेवायच्या, हिरवी खूण उमटायची, पुढचं वाक्य.

दादाने एकही वाक्य ऐकल्याशिवाय सोडलं नाही. आवडलं नाही तर पुन्हा म्हणायचा. लेकीसाठी तर त्याने यादीबाहेरचीच वाक्यं काढली. लेक सात वर्षांची, तिला सगळे ठकू म्हणत. "ठकूबाई, दात घासले की नुसता ब्रश ओला केला?" "ये, मांडीवर बस, जड झालीस तरी चालेल." वहिनीसाठी, "तू म्हणशील तसं." हे म्हणताना तो धाकटीकडे बघून डोळा मिचकावत होता. शेवटी त्याने ओट्यावरची आरोळी ठोकली, एक वार, दोन वार, आणि तीन वार म्हणताना खोकल्याने त्याला गाठलं. डोळ्यांत पाणी आलं तरी पठ्ठ्याने ती आरोळी पुन्हा पूर्ण केली आणि मन लावून ऐकली.

मग मात्र तो दमला. यादीच्या तळाशी थोडी वाक्यं उरली होती. बाई म्हणाल्या, "ही पटकन उरकून टाकू."

"दुखतंय," दादा म्हणाला. "नको. दिवा बंद करा. मला जरा एकटं राहू द्या."

"ऐकायचं?"

"हे काय ऐकायचं," दादा म्हणाला आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे पार पडली. गाठ पूर्ण निघाली. दादाच्या गळ्याला भोक आणि त्यात नळी, श्वास तिथूनच. तो शुद्धीवर आल्यावर ओठ हलवायचा आणि काहीच बाहेर यायचं नाही, तेव्हा धाकटी त्याचा हात दाबून सांगायची, "थोडी कळ काढ. यंत्र येतंय."

बाईंचा फोन आला तेव्हा ती कार्यालयात जेवायला बसली होती.

"तुमच्या भावाचं यंत्र भरायला घेतलंय," बाई म्हणाल्या. "वाक्यांची नावं दिसतायत सगळी. पण वाजत नाहीयेत."

"कोणती?"

"जवळजवळ सगळीच. शेवटची चार वाजतात."

तिने डबा तसाच बाजूला सारला. साठ्यात पाहिलं. प्रत्येक वाक्याचं नाव होतं, तारीख होती, आणि आत काहीही नव्हतं. मोकळी पाकिटं. फक्त शेवटची चार भरलेली. दादाची आरोळी, ठकूचे दात, तू म्हणशील तसं, सगळ्यांपुढे शून्य.

कारण सापडायला वेळ लागला नाही. तेच तिला पुढे सहन होईना. मेमरीतली ती फाइल वाचताना वाचण्याची जागा पुढे पुढे सरकते, पोथीवरून बोट सरकावं तशी. वाचून संपलं, की बोट शेवटी जाऊन थांबतं. पुन्हा वाचायचं तर ते आधी सुरुवातीला आणून ठेवावं लागतं. पूर्वी खरी फाइल दर वेळी नव्याने उघडली जायची, त्यामुळे बोट आपोआप सुरुवातीलाच असायचं. आता तसं नव्हतं. बाईंनी वाक्य ऐकवलं, की बोट शेवटाशी. मग 'जतन करा' म्हटल्यावर प्रोग्रामने तिथून पुढे जे होतं ते इमानेइतबारे जतन केलं. तिथून पुढे काहीच नव्हतं. आणि खोलीतला प्रोग्राम बंद झाला तसा मेमरीतला आवाजही गेला, तिनेच ठरवलं होतं तसा.

तिने चाचणी घेतली होती. शंभरदा घेतली होती. पण तिची रीत म्हणजे रेकॉर्ड करायचं आणि जतन करायचं. मध्ये थांबून ऐकायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. तिला त्या आवाजांशी काय करायचं होतं? ज्यांनी घाईघाईत वाक्यं उरकली त्यांची सगळी शाबूत होती. ज्यांनी जीव लावून ऐकली त्यांची गेली.

साहेबांनी पडद्यावर वाकून पाहिलं. "म्हणजे दुरुस्ती किती?"

"एक ओळ."

"मग घाला ती," ते म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं. ते खुर्ची ओढून शेजारी बसले. "मीही पाहिला होता हा बदल. माझ्याही डोळ्यांवर झापडच होती." तिला ते ऐकू आलं, पण आत पोचलं नाही.

ज्यांच्या शस्त्रक्रिया व्हायच्या होत्या त्यांना बाईंनी पुन्हा बोलावून घेतलं. ज्यांच्या झाल्या होत्या त्यांच्या घरी इस्पितळाकडून फोन गेले. दादाला मात्र धाकटीने स्वतः जाऊन सांगितलं.

तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. तिने काही राखून ठेवलं नाही. बोट, पोथी, सगळं सांगितलं. मग त्याने उशाची लिहायची पाटी घेतली आणि लिहिलं, 'ठकूची पण?'

"हो."

त्याने पाटी पुसली. वहिनी खिडकीपाशी उभी होती. तिने विचारलं, "आता काहीच करता येणार नाही?"

"नाही, वहिनी."

"तू एवढी शिकलेली," वहिनी म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिने गिळलं. ते ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं धाकटीला नंतर कित्येक दिवस वाटत राहिलं.

त्यांनी घरातले सगळे फोन पालथे घातले. व्हिडिओ रग्गड होते. त्यांत ठकू नाचत होती, पाहुणे जेवत होते, आणि दादा चित्रीकरण करत असल्यामुळे गप्प होता. कुठेतरी "इकडे बघ" एवढंच. बाजारात धाकटी जाऊन विचारून आली. हमाल, व्यापारी, सगळे हळहळले. पण रोज फुकट ऐकू येणारी गोष्ट कोण साठवून ठेवणार? बाई म्हणाल्या, असल्या गोंगाटातल्या दोन-चार शब्दांतून त्याचा आवाज पुन्हा उभा करता येणार नाही.

शेवटी यंत्रात कुणा परक्या माणसाचा तयार आवाज भरला. गुळगुळीत, बातम्या वाचणाऱ्यासारखा. "चहा झाला का," तो माणूस विचारायचा आणि ठकू आत्याच्या मागे लपायची. दादाच्या आवाजातली चार वाक्यं तेवढी त्यात होती, पडद्याच्या खालच्या ओळीत.

दादा बाजारात जाऊ लागला. ओट्यावर आता दुसरा माणूस पुकारायचा. दादा काट्यापाशी बसून वजनं टिपायचा. घरी आला, की यंत्र कोपऱ्यात ठेवून द्यायचा. ठकूने मात्र ती खालची ओळ शोधून काढली होती. शाळेतून आली, की ती यंत्र मांडीवर घेऊन बसायची आणि एकच बटण दाबायची. नको. नको. नको. दादाचा फाटका, दमलेला आवाज घरभर. वहिनी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

एका रविवारी सकाळी दादा यंत्र घेऊन धाकटीच्या घरी आला. ठकूला त्याने वहिनीबरोबर भाजी आणायला पाठवलं होतं. त्या दोघी तिथूनच मागाहून येणार होत्या. त्याने यंत्र टेबलावर ठेवलं, खालच्या ओळीवर बोट फिरवलं आणि पाटीवर लिहिलं, 'ही चार काढ.'

"दादा, एवढीच उरलीयत."

त्याने लिहिलं, 'म्हणून तर. तिला बाप एवढाच आठवेल.'

धाकटी त्याच्याशी पुष्कळ भांडली. एकटीच बोलत होती, त्यामुळे ते भांडण लवकर संपलं. तिने यंत्र जोडलं आणि चारही वाक्यं काढून टाकली. मग विचारलं, "साठ्यातली पण?" त्याने मान हलवली. तिने तीही काढली. एखादी प्रत गुपचूप ठेवून द्यावी असं तिच्या मनात आलं, पण हात धजला नाही. त्याच्या आवाजावर आता आपला काय हक्क उरलाय, असं तिला वाटलं.

वहिनी आणि ठकू आल्या, तेव्हा दोघं भाऊ-बहीण तशीच बसलेली होती. ठकूने चपला भिरकावल्या, यंत्र ओढून घेतलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे काहीच नव्हतं. तिने पडदा वर सरकवला, खाली सरकवला.

"आत्या, नको कुठे गेलं?"

धाकटीने दादाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"आधी हात धू," वहिनी म्हणाली.