बॉनेटवरची वर्तुळं

काळुराम टॉर्च तिरपी धरून बॉनेटवर इतका वेळ वाकून राहिला, की म्हाताऱ्याची कंबर धरली की काय, असं भरतला वाटलं.

"दिसलं ना काका?"

न दिसायला काय झालं? गाडी काळीकुळकुळीत, जेमतेम पंधरा दिवसांची. समोरच्या जाळीला बांधलेला झेंडूचा हार सुकला होता, पण अजून उतरवला नव्हता. आणि टॉर्चच्या उजेडात बॉनेटवर बारीक ओरखड्यांची वर्तुळंच वर्तुळं.

भरत निडीजवळच्या वाडीतला. गेल्या वर्षी कंपनीत पर्मनंट झाला आणि आता वाडीतली पहिली चारचाकी त्याच्या दारात आली. तो तावातावानं सांगत होता. पेणच्या शोरूममधल्या समीक्षा नावाच्या मुलीनं गाडी ताब्यात दिली. तिनंच घाणेरड्या फडक्यानं पुसली असणार. तक्रार केली तर 'मी नाही केलं' म्हणते आणि वर रडते. मॅनेजर म्हणतो, जाणकाराकडून लिहून आणा, मग दुरुस्तीचा खर्च देतो आणि तिलाही घरी बसवतो.

"तेवढं लिहून द्या. शिफ्ट सुटली की येतो मी," भरत म्हणाला. "ओरखडे काढून गाडीला चकाकीचा कोट पन लावून ठेवा. आय इथंच बसंल."

आई मागच्या सीटवरून उतरली. सीट मळू नये म्हणून तिनं खाली घरचा टॉवेल अंथरला होता, चपला हातात धरल्या होत्या. मंगळी तिचं नाव. ती कोपऱ्यातल्या पालथ्या बादलीवर बसली. भरत पूल ओलांडून रोह्याकडे गेला.

रोह्यासमोरच्या अष्टमी गावाच्या बाजूला, नदीवरच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर काळुरामची पत्र्याची शेड. त्याच्या मुलीनं, सुरभीनं, बाहेर 'सिरॅमिक कोटिंग स्टुडिओ' अशी पाटी लावली होती. स्टुडिओ म्हणायला काळुराम लाजायचा. दोष हेरायला त्याच्यासारखा माणूस तालुक्यात नव्हता, पण तो तोंडानं सांगायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते आधी गाडीलाच दोनदा सांगून बघायचा.

आज मात्र गाडीनंच त्याला सगळं सांगितलं होतं. मळक्या फडक्याचे ओरखडे लांब जातात, गाडीभर पसरतात. पॉलिशच्या मशीनचे वळ एकसारखे असतात. ही वर्तुळं तळहाताएवढी होती. बॉनेटच्या कडेला दाट, मधे विरळ, पलीकडे काहीच नाही; जणू हात तिथवर पोचलाच नव्हता. दारांवर खिडकीखालपर्यंत होती. टप मात्र आरशासारखा स्वच्छ. पूजेच्या दिवशी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, त्याची फिकट खूण राहिली होती आणि तिथं तर कोणीतरी जीव तोडून घासलं होतं.

त्यानं बोट फिरवलं. गाडीच्या चिन्हाच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. चिमट्यानं ओढलं तर नारळाच्या काथ्याचा तंतू, त्याला चिकटलेली राख.

काळुरामनं तो तंतू गुपचूप खिशात टाकला. बादलीवरची बाई ठेंगणी होती.

आता काय लिहायचं? खरं लिहिलं तर लेकासमोर या बाईची मान खाली. नाही लिहिलं तर तिकडे पेणला एक पोरगी घरी बसणार. आपण नुसती गाडी चमकवावी, लोकांच्या घरात कशाला शिरावं, असं म्हणत त्यानं मशीन हातात घेतलं.

थोड्या वेळानं मागून आवाज आला. "जाईल का वो ते?"

"जाईल. वरच्यावर हाय. कागदाहून पातळ थर असतो, तेवढाच ओरखडलाय."

"त्या पोरीनंच केलं असंल ना?"

काळुरामचं मशीन थांबलं. "मशीनचं असं नसतं," तो गाडीकडे बघतच म्हणाला. "हाताचं हाय."

मंगळीचं तोंड उतरलं. ते बघून काळुरामला वाटलं, आपली जीभ टाळ्याला चिकटलेलीच बरी होती. मग काहीतरी सावरावं म्हणून, कधी कोणाला न सांगितलेली गोष्ट त्यानं तिला सांगितली.

तरुणपणी तो पेणला गणपतीच्या कारखान्यात होता. ओल्या पॉलिश पेपरनं मूर्ती घासायचं काम. पहिल्याच वर्षी एक मोठी मूर्ती हाती आली. जितकं घासू तितकी झळाळेल, अशा हौसेनं घासत सुटला आणि सोंडेचं वळणच घालवून बसला. मालक आला, कोणी केलं म्हणून विचारलं. काळुराम गप्प. शेजारी पोपट नावाचा सोबती बसायचा, मालकानं त्याच्यावर आळ घेतला. पोपट त्याच दिवशी पत्र्याची पेटी उचलून निघून गेला.

"मग तुमी काय बोल्लाव?"

"कायच नाय. पस्तीस वर्सं झाली."

"हाय कुठं तो आता?"

"हमरापूरला कारखाना हाय त्याचा. मोठा झालाय म्हनतात." काळुराम जरासा हसला. "मी नाय गेलो कधी."

मंगळी उठली. तिनं पदर खोचला. "मला पन द्या एक फडकं. नुसतं बसून पाय आखडलं."

बॉनेट साफ होऊन गाडी कोटला तयार व्हायला दुपार झाली. काळुराम बाटलीतले चार थेंब स्पंजवर घेऊन फिरवायचा. मिनिटभरात काळ्या रंगावर तेलकट इंद्रधनुष्य उमटायचं. ते उमटलं की लगेच पुसायचं, उशीर झाला तर डाग कायमचा. पुसायचं काम मंगळीकडे आलं. पहिल्याच हाताला तिनं सवयीनं गोल घासायला सुरुवात केली.

"जोर नको ताई. भांडं नाय हे. न्हालेलं बाळ पुसतो तसं, सरळ."

"बाळबी आमी घासूनच न्हाऊ घालतो," ती म्हणाली आणि दोघंही हसली. पण पुढचा हात हलका पडला. अर्ध्या तासात ती अशी तरबेज झाली, की काळुरामच्या नजरेतून सुटलेला एक पट्टा तिनंच दाखवला; तिथं फडकं अडतंय, म्हणाली. काळुरामनं टॉर्च मारली. खरंच होतं. इतक्या वर्षांत हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं. तो मनातून खूश झाला आणि थोडा खट्टूही.

साडेतीनला भरत आला. बॉनेटमध्ये शेडचे पत्रे, मधली भोकंसुद्धा दिसत होती. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "लिहिलं का काका?"

काळुरामनं वहीचं पान पुढे ओढलं. पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

"त्यांना नको सांगू लिवायला," मंगळी म्हणाली. "मी घासली."

"काय?"

"गाडी. तू शिफ्टला गेलास की रोज घासायची. काथ्या आनि राख. कुंकू निघना म्हनून पयल्यांदा घासलं, मग सवयच लागली." ती फडक्याची घडी घालत होती, वर बघत नव्हती. "तीस वर्सं रोह्यात लोकांची भांडी घासली. त्यातलं एक पन माजं नव्हतं. ही आपली हाय ना. म्हटलं, चमकू दे."

 भरतनं बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"मला का नाय बोललीस?"

"तू त्या पोरीवर एवढा तापलास. घाबरली मी."

"आता मी त्या समीक्षाला काय तोंड दाखवू?"

"तू नको दाखवू, मी दाखवते. ने मला पेनला. माजं मी बोलीन."

भरतनं कपाळावर हात मारला आणि मग त्याला हसूच फुटलं. वाडीतली सगळी भांडी घास, म्हणाला, पण माझ्या गाडीला काथ्या लावू नको. काळुरामनं घसा साफ करून सांगितलं, की कोट सुकायला गाडी रात्रभर शेडमध्येच राहील आणि आठ दिवस पाणी लावायचं नाही.

"राख पन नाय?" मंगळीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेक टमटमनं गाडी न्यायला आली. मंगळी ठेवणीतलं लुगडं नेसली होती, हातात समीक्षासाठी फणसाच्या गऱ्यांची पिशवी होती. काळुराम किल्ली द्यायला पुढे झाला. त्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. सुरभीनं सकाळी विचारलं, कुठे निघालात, तर तो शेड झाडायला लागला होता.

मंगळीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पेनच्या पुढं किती लांब हो, हमरापूर?"

"थोडंच हाय," काळुराम म्हणाला. "पन तुमची खोटी नको. आनि तो मला वळखायचा पन नाय."

"न्हाय वळखलं तर नाव सांगा."

काळुराम शेडकडे बघत उभा राहिला. कोणी गिऱ्हाईक येतंय का, म्हणून रस्त्याकडेही बघितलं. कोणी येत नव्हतं. मग त्यानं शटर ओढलं, कुलूप लावलं आणि ते लागलं की नाही ते दोनदा ओढून बघितलं.

मंगळी पुढं लेकाशेजारी बसली होती, चपला पायात. काळुरामनं मागचं दार उघडलं. सीटवरचा टॉवेल घडी करून बाजूला ठेवलेला होता.