मर्सीची ओटी

आमच्या डोंगराला बांध घातले ते परदेशातल्या एका संस्थेच्या पैशानं. पैसे आले, काम झालं, पाणी अडलं. देणारं माणूस मात्र कधी गावात आलं नाही. बाकीच्यांना त्याचं काही वाटलं नाही. पुष्पावतीकाकूंना मात्र चैन पडायची नाही. मी बचत गटाची अध्यक्ष, त्यामुळं दर बैठकीला त्यांचा प्रश्न मलाच: "ती मानसं कदी येनार गं, विजयमाला?"

नवरा होता तोवर काकू त्याच्यासोबत श्रीगोंद्याकडं ऊस तोडायला जायच्या. तोडणीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा वारला आणि काकू अर्ध्या कोयत्यावर आल्या. लेकीला शाळेतून काढून फडावर न्यायची वेळ आली. त्याच साली डोंगराचं पाणी बांधांनी धरलं, काकूंच्या कोरड्या विहिरीला पाझर फुटला आणि त्यांनी कोयता टांगला तो टांगलाच. लेक आता नगरला नर्स आहे. ज्यांच्यामुळं हे झालं त्यांचे उपकार डोळे मिटायच्या आत एकदा तरी फेडायचे, हा काकूंचा ध्यास होता.

गेल्या हिवाळ्यात संस्थेच्या प्रणितामॅडमचा फोन आला, परदेशातून एक बाई बांध बघायला येतायत. आमच्या सरपंचांना, काकासाहेबांना, पूर्ण ऐकायची सवय नाही. 'परदेश' एवढं कानावर पडलं आणि त्यांनी मंडपवाल्याला सांगून टाकलं. लेझीम आलं, फेटा आला. काकासाहेबांनी आभाराचं लांबलचक भाषण ठोकलं आणि आणखी एका तलावाची मागणीही त्यातच उरकून घेतली.

बाईंचं नाव मर्सी. आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या. उंच, हसऱ्या, झग्यावरून कमरेला रंगीत कापड गुंडाळलेलं. प्रणितामॅडमनी त्यांना भाषण समजावून सांगितलं तसा त्यांचा चेहरा गोंधळला. मग मॅडमनीच उलगडा केला. या देणगीदार नव्हत्याच. आपल्यासारख्याच शेतकरी. त्याच संस्थेनं आता त्यांच्या गावाला पैसे दिलेत आणि बांध कसे घालायचे ते शिकायला त्यांना आपल्याकडं पाठवलंय.

काकासाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. डोक्यावर बांधलेला फेटा परत मागता येत नाही, नाहीतर मागितला असता. खरं सांगायचं तर मीही हिरमुसले. खुलल्या त्या एकट्या काकू.

"बरं झालं," त्या मला म्हणाल्या. "देनाऱ्याला आपन काय देनार? हिला देता यील."

मग मर्सीबाईंना घेऊन काकू डोंगरभर हिंडल्या. भाषा कळत नव्हती, पण माती दोघींना कळत होती. कुठं उतार आहे, पाणी कुठून फुटतं, दगड कसा बसवायचा, सगळं हातवाऱ्यांवर चाललं होतं.

निघायच्या दिवशी आम्ही बायकांनी ओटी भरायचं ठरवलं. काकूंनी सकाळीच त्यांच्या शेतातली बाजरी माझ्याकडं पोचवली आणि माझ्या नावानं तू भर म्हणाल्या. विधवेनं ओटी भरू नये, हे काकूंना कुणी सांगावं लागत नाही, त्या आपणहून मागं राहतात. विमानात धान्य नेऊ देत नाहीत, असं प्रणितामॅडम म्हणाल्या होत्या. त्यावर काकूंचं उत्तर तयार होतं. आधी ओटी भरा, मग त्याच बाजरीच्या भाकरी करून तिला खाऊ घाला.

मर्सीबाईंना पाटावर बसवलं. मी सूप घेऊन पुढं झाले. हा सवाष्णीचा मान, असं मॅडमनी त्यांना समजावलं. ते ऐकून त्या काहीतरी म्हणाल्या आणि मॅडमचा आवाज एकदम खाली आला. मर्सीबाईंचा नवरा कधीच वारला होता. मी इथून उठू का, असं त्या विचारत होत्या.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुंकू माझ्या बोटावरच राहिलं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दाराशी बसलेल्या काकू उठल्या. सरळ येऊन त्यांनी माझ्या हातातलं सूप घेतलं.

"माजा मालक बी न्हाई," त्या मर्सीबाईंना म्हणाल्या. "उटू नगस. पसर पदर."

मॅडमनी सांगायच्या आधीच मर्सीबाईंनी कमरेचं कापड सोडून गुडघ्यांवर पसरलं. नवरा गेल्यापासून त्यांनी कुणाची ओटी भरली नव्हती. ओंजळ भरून त्यांनी बाजरी त्या कापडात घातली, मग दुसरी, मग तिसरी. कुणी अडवलं नाही. म्हातारी विमलमावशी तर डोळे पुसत होती.

आमच्यात ओटी घेणारी त्यातले चार दाणे भरणारीला परत देते. मर्सीबाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मूठभर बाजरी उचलली आणि काकूंच्या पदरात घातली.

काकूंनी पदर दोन्ही हातांनी गच्च धरला.

"देनाऱ्याला पोचलं गं, विजयमाला," त्या म्हणाल्या.