जात्याचा जाड खुंटा

मित्रांनो, मी जात्याचा एक जुना खुंटा. अंगानं बाभळीचा, पण काळजानं भित्रा. हसायचं तर हसा! ज्या लाकडासमोर रोज चूल पेटते, ते भिणारच.

माझा जन्म तिकोणा पेठ या गावातला, खेड्यापाड्यांत पिठाच्या गिरण्या नव्हत्या तेव्हाचा. तिथं रतनबाई नावाची एक तरुण सून होती. तिला सांधेवात जडला होता. पहाटे बोटं सुजून ताठत, मूठ काही केल्या मिटत नसे. लोणावळ्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई तिला म्हणाल्या, "उठल्यावर हात कोमट पाण्यात शेक. खुंटा जाड करून घे. बोटांनी आवळू नको, तळव्यानं ढकल. आणि मध्ये मध्ये थांबत जा."

मग रखमाजी सुतारानं मला घडवलं. खाली भोकापुरता बारीक, वर मनगटाएवढा जाड! रतनबाईनं माझ्यावर मऊ चिंध्या गुंडाळल्या, नुसता तळवा टेकला आणि जातं फिरलं की हो! मला कोण आनंद झाला.

पण तिची सासू झुंबरबाई भारी तोंडाळ. "खुंटा हाय का मुसळ? नाचता येईना अंगण वाकडं! पुन्यांदा जातं थांबलं तर हिला माहेरी धाडते. भिमाजीला दुसरी करून देते." भिमाजी, रतनबाईचा नवरा, खाली मान घालून बाहेर निघून गेला. तेव्हापासून रतनबाई थांबायलाच घाबरू लागली. जात्याची घरघर थांबली की साऱ्या घराला लगेच कळे! ती रडत रडत दळी.

एके पहाटे तिचा हात उचलेचना. जातं थांबलं. झुंबरबाई तरातरा आली, तिनं मला उपसलं आणि चुलीकडे निघाली.

"आत्याबाई, नगा हो! त्याच्यावाचून माजा संसार जाईल!"

जाळाची धग मला लागली. मेलो, असंच वाटलं. पण झुंबरबाई मला टाकेना. तिची बोटंही गरम होती, सुजलेली होती. तीही नुसत्या तळव्यांनी मला धरून उभी होती.

रतनबाईनं ते पाहिलं. "आत्याबाई, तुमचीबी बोटं?"

"गप! कुनाला बोलू नगंस." म्हातारी कुजबुजली. "लय दिस झालं. मला दळवंना, म्हनून तर सारं तुज्यावर टाकलं. हात गेल्यालं कळल्यावर मला भाकर कोन घालील गं?"

"मी घालीन की."

झुंबरबाई डोळे पुसत परत आली. तिनं स्वतः मला जात्यात बसवलं. दोघी समोरासमोर बसल्या, दोघींचे तळवे माझ्यावर टेकले. थांबायच्या तेव्हा दोघी मिळून थांबायच्या. मग ओरडणार कोण?

आता गावात गिरणी आली, मी चुलीमागे पडून असतो. मित्रांनो, घरात कुणाचं काम मध्येच थांबलं तर ओरडू नका, आधी त्या माणसाचे हात बघा. आणि मला तेवढं चुलीत घालू नका. पहाटे कुणाची तरी बोटं ताठतील, तेव्हा मी लागेन.