न मोजलेल्या फेकी

मित्रांनो, तुमच्या मुठीत मावेन एवढाच मी आहे. पोलादी डबीवर चार आकडे आणि वर एक खटका. अंगठ्याने दाबलात की आकडा एकाने पुढे जातो. मला काउंटर म्हणतात. आता माझा रंग उडालाय, पण मोजण्यात मी कधी चुकत नाही असा मला फार दिवस तोरा होता.

कोरोनाच्या काळात सौदी अरेबियात, जेद्दाच्या अल अझीझिया भागात, मूळच्या रत्नागिरीच्या नसरुद्दीनभाईंनी मला आपल्या दुकानाच्या दारावर गिऱ्हाइकं मोजायला आणलं. साथ सरली आणि मी खणात, मोडक्या स्टेपलरशेजारी जाऊन पडलो. दोन वर्षं कुणी हातसुद्धा लावला नाही. फार वाईट वाटायचं.

मग त्यांचा बारा वर्षांचा मुलगा अरीब बेसबॉल खेळू लागला. तो पिचर, म्हणजे बॅट्समनकडे चेंडू फेकणारा. त्याचे प्रशिक्षक जळगावचे हरिहर सर. त्यांनी पालकांना बजावलं, "या वयात कोपराची हाडं कच्ची असतात. दिवसाला पंच्याऐंशी फेकी, पुढे एकही नाही. आणि जोर पायातून, कमरेतून यायला हवा." झालं, मी खणाबाहेर आलो. शुक्रवारी संध्याकाळच्या सामन्यात नसरुद्दीनभाई प्रत्येक फेकीला मला दाबायचे. बाकीचे पालक त्यांचं कौतुक करायचे आणि मी फुगायचो.

शुक्रवारी सकाळी मात्र मी घरीच असायचो. तेव्हा रत्नागिरीकडच्या मंडळींचं क्रिकेट असे. अरीब सीमारेषेवरून थेट यष्टीवर चेंडू फेकायचा आणि गाववाले ओरडायचे, "काय हात आहे पोराचा!" त्या फेकी कुणी मोजल्याच नाहीत. क्रिकेट तर आपलंच, त्याने कुठे हात दुखतो, असं नसरुद्दीनभाईंना वाटायचं.

एका सामन्यात माझ्यावर एकेचाळीस आकडा होता आणि अरीबचा हात वर उठेना. सर धावत आले. "कधीपासून दुखतंय?"

"दो महीने से," अरीब रडवेला झाला. "अब्बा सबको मेरा थ्रो दिखाते थे ना, इसलिए बोला नहीं."

"एकेचाळीसच फेकी? मग सकाळी काय करतो हा?" सरांनी विचारलं. नसरुद्दीनभाईंनी सकाळच्या क्रिकेटमधल्या फेकींचं सांगितलं. माझा आकडा बरोबर होता आणि तरीही तो खोटा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी तीन महिने चेंडू बंद केला. पुन्हा पूर्वीसारखं फेकता येईल का, हे त्यांनाही सांगता येईना. अरीबची आई सफूरा रोज त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची आणि तो खाली बघत उभा राहायचा. नंतर सरांनी त्याला आधी नुसतं पाऊल टाकायला शिकवलं, मग जवळून हलकेच फेकायला.

गेल्या शुक्रवारी सकाळी मी पहिल्यांदा क्रिकेटच्या मैदानावर गेलो. गाववाले हसले, "भाई, थ्रो मोजताय काय?" नसरुद्दीनभाई मोजत राहिले. सरांनी वीस थ्रोंची परवानगी दिली होती. विसावा झाला तेव्हा समोरच्यांना दोन चेंडूंत चार धावा हव्या होत्या. नसरुद्दीनभाई सरळ मैदानात शिरले.

"अरीब, खलास. चल बाहेर."

"पण आज दुखत नाहीये, अब्बा!"

"म्हणूनच चल."

अरीबचा संघ सामना हरला. मित्रांनो, मला फेकी मोजता येतात, तुमचं दुखणं मोजता येत नाही. ते पहिल्याच दिवशी तुम्ही सांगा, आणि टाळ्यांसाठी लपवू नका.