वस्तीतलं एक मत

निवडून तर बापूसाहेबच आले. घासून नव्हे, चांगले दणदणीत. सोलापुरातली मतमोजणी आटोपून वस्तीवरच्या गाड्या गुलालानं माखून परतल्या, तेव्हा दिवेलागण झाली होती. अशा दिवशी माणसानं पेढा खाऊन गप झोपावं. पण वस्तीची मतं बांधून देणाऱ्या सिद्धनाथाचं तोंड उतरलेलं. हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं.

"आपल्या बूथवरची सगळी मतं बापूसाहेबांना," अंगणात बाजेवर बसत तो म्हणाला, "अन् एक त्या दाक्षायणीबाईला. एक! चारचौघांत साहेब हसून म्हनले, सिद्धनाथ, तुझ्या वस्तीला भोक पडलं की रं."

चुलीपुढं बसलेल्या त्याच्या बायकोच्या, विजयमालाच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. ते एक मत तिचं होतं.

मतदानाच्या आधी सिद्धनाथानं अख्खी वस्ती बिरोबाच्या देवळात नेली होती. धनगराला शब्द पक्का करायचा तर बेलभंडारा उचलावा लागतो. बेलाचं पान आणि हळदीची पूड हातात घेऊन देवासमोर बोललेलं मोडायची कुणाची छाती नसते. म्हातारे, लेकीसुना, नुकती मतदार झालेली पोरं, सगळ्यांनी बापूसाहेबांच्या नावानं उचलला. विजयमाला तेवढी गेली नाही. तिची अडचण होती, आणि अशा दिवसांत बाईनं देवळाची पायरी चढायची नाही. "तू बस घरी," सिद्धनाथ म्हणाला होता, "तुझं मत काय, माझंच हाय की." नवरे असलं किती सहज बोलून जातात!

वस्ती देवळात असताना नेमकी दाक्षायणीबाईची जीप आली. बाई पूर्वी इथल्याच उपकेंद्रात नर्स होती, आता अपक्ष उभी होती. पाणी प्याली, ओट्यावर टेकली आणि भाषण न करता विचारलं, "विजयमाला, तुला काय पायजे?"

 लग्नाला वीस वर्षं झाली, मतंही कैकदा दिली, पण हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "इचार करून सांगते," ती म्हणाली. मग मतदानाच्या दिवशी यंत्रापुढं उभी राहून तिनं सांगितलं. एवढ्या मतांत आपलं एक कुठं दिसायला! प्रत्येक बूथचं यंत्र वेगळं मोजतात, हे तिला ठाऊक नव्हतं.

"कुनाचं काम हाय ते कळतंय मला," सिद्धनाथ बोलतच होता. त्याची नजर धाकट्या भावजयीवर, पूनमवर गेली. पूनमचा मामा प्रचारभर दाक्षायणीबाईच्या जीपमध्ये फिरला होता.

पूनमनं कडेवरची पोर घट्ट धरली. "बिरोबाची आन दादा, मी न्हाय!"

"एकदा भंडारा मोडला तिच्या आनंला काय किंमत? बिरुदेवा, सकाळी हिला माहेरी सोडून ये. परत आनायचं नाव काढू नगंस."

बिरुदेव थोरल्या भावापुढं कधी बोलला नव्हता. बायकोकडं न बघता त्यानं मान हलवली. पूनम हुंदके द्यायला लागली.

 विजयमाला गप बसली असती तर तिचं काहीच बिघडत नव्हतं. नवऱ्याची पत राहिली असती, घरातली शांतता राहिली असती. यंत्रापाशी पुठ्ठ्याचा आडोसा तरी होता, इथं सगळे समोर होते. पण पूनमचं रडणं तिला ऐकवेना. तिनं हातातलं पीठ झटकलं आणि उठली.

"ते मत माझं हाय."

 सिद्धनाथ म्हणाला, "तुझं? देवाला फसवलंस?"

"फसवलं न्हाय. मी भंडारा उचललाच न्हवता."

"पर मी सांगितलं हुतं की तुला!"

"तुमी सांगितलं न्हाय. माझं मत तुमचंच हाय, असं म्हनला." ती थांबली नाही. "त्या बाईनं मला इचारलं, काय पायजे म्हनून. तुमी कवा इचारलं न्हाय."

सिद्धनाथ ताडकन उठला आणि उंबऱ्याशी बसलेल्या आईकडं वळला. "आये, ऐकलंस? बघ तुझ्या सुनंचे गुन!"

केराबाईनं पदर सारखा केला. "ऐकलं की. पूनमच्या बाळंतपनात ती बाई रातभर उशाला बसली हुती. मी बी तिलाच देनार हुते. भंडाऱ्यानं हात बांधला माझा."

सिद्धनाथ बाजेवर खाली बसला. त्यानं पूनमकडं पाहिलं, बिरुदेवाकडं पाहिलं. गोंगाट ऐकून कुडापाशी जमलेल्या शेजाऱ्यांकडं पाहिलं. भंडारा नसता तर मत कुणाला दिलं असतं, हे त्यांच्यापैकी कुणालाही विचारायचं धाडस त्याला झालं नाही.