मनकर्णाच्या कोठ्यातल्या बिया

उमरेडच्या वाटेवर, खाणीच्या बाजूले मातीचा एक डोंगर होता. डोंगर म्हणजे का गा, कोळसा काढताना वरचा मुरूम, दगड, गोटे, सारं ट्रकानं आणून ओतलेलं. आधी तिथं जंगल होतं. आता गवताची काडी नाही. चौऱ्यांशी सालची गोष्ट. तिथं परत जंगल उभं कराले कंपनीनं थेट फिनलंडहून एक बाई बोलावली. हेल्वीबाई. उंच, डोक्यावर कापडी टोपी, मराठीचं एक अक्षर येत नाही. कंपनीच्या शहरातल्या ऑफिसातले कृष्णकांत साहेब तिचं बोलणं इकडं आणि इकडचं तिकडं करत. आणि नर्सरीत मातीच्या थैल्या भराले होती आपली मनकर्णा.

मनकर्णाचं त्या डोंगराशी वेगळंच होतं. दहा वर्षांआधी तिची अडीच वर्षांची पोर, सत्यवती, तापानं गेली. तिले जंगलातल्या एका बाभळीखाली पुरलं होतं, सावली पाहून. मग खाण आली, बाभूळ गेली, आणि वरून ट्रक ओततच राहिले. मनकर्णा कोणाले काही बोलली नाही. फक्त मे महिना आला की तिचा जीव तुटे, पोर माही उन्हात पडून राहिली म्हणून. तिथं एक तरी झाड व्हावं, बस.

पण झाड होईना. हेल्वीबाईनं बाभळीच्या बिया भिजवल्या, पेरल्या, शंभरातून चार उगवल्या. पुढच्या सालीही तेच. मग कंपनीनं सांगून टाकलं, या पावसात नाही उगवलं तर प्रयोग बंद, तिथं ट्रकांचा अड्डा होईल.

झालं, दुसऱ्या दिवसापासून मनकर्णा पदरात नर्सरीतल्या बाभळीच्या शेंगा भरून घरी न्याले लागली! चौकीदार लहानूनं पकडलं. साहेब तापले. बियाण्याच्या शेंगा घरच्या बकऱ्यायले चारते म्हणजे का? कामावरून कमी केलं तिले. ती जाताना एवढंच बोलली, "बकरीनं खाल्ल्याबिगर बाभूळ नीट उगवत नाही, साहेब."

साहेबांनी हा किस्सा जेवताना हेल्वीबाईले हसत हसत सांगितला. बाई हसली नाही. हातातला घास ताटात ठेवून तिनं जीप काढाले लावली.

मनकर्णा घरी बकऱ्यायचा कोठा झाडून राहिली होती. साहेबाले पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला, पण हेल्वीबाई सरळ लेंड्यांमध्ये गुडघ्यावर बसली. तिले मनकर्णानं दाखवलं. बकरी शेंग खाते, मग रवंथ करताना बी थुंकून टाकते. पोटातल्या पाण्यानं बीचं कडक साल नरम होते. कोठ्याच्या कोपऱ्यात पडलेलं बी कसं आपोआप फुटते, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. हेल्वीबाईनं टोपी उतरवली आणि त्यात बिया वेचाले लागली. वेचता वेचता बोलत होती, साहेब मराठीत सांगत होते. तिच्या देशात दलदलीतली माती वाळवून जाळतात म्हणे, कोळशासारखी. अशी माती काढून उघडी पडलेल्या एका दलदलीवर पाच वर्षं काही उगवेना, तेव्हा गावातल्या एका म्हातारीनं सांगितलं, आधी वाहून जाणारं पाणी तर अडवा.

"तिलेही कामावरून काढलं होतं का, बाई?" मनकर्णानं विचारलं. साहेबांनी मान खाली घालून तेही बाईले तिच्या भाषेत सांगितलं. मग मनकर्णाले म्हणाले, उद्यापासून कामावर ये.

मग का, गावभरच्या बकऱ्या शेंगांवर! बाया सकाळी कोठे झाडत, बिया टोपल्यात भरून डोंगरावर नेत. पाऊस झाल्यावर बारा दिवसांनी सारा उतार हिरव्या टिकल्यांनी भरला.

मनकर्णा मात्र रोज एकाच कोपऱ्यात जाऊन बसे. हेल्वीबाईनं एक दिवस साहेबांकरवी विचारलंच.

"इथं खाली माही पोर हाय."

साहेबांनी हळू आवाजात ते तिकडच्या भाषेत सांगितलं. हेल्वीबाई मनकर्णाच्या शेजारी, ओल्या मुरुमात बसून राहिली.

तेवढ्यात खालून मनकर्णाच्याच बकऱ्या वर चढून आल्या, कोवळी पानं पाहून. मनकर्णा काठी घेऊन आडवी झाली.

"जा वं बायांनो, जा," ती म्हणाली. "तुमचंच हाय. पण मोठं तं होऊ द्या."